नव्व्याण्णव मिनिटांचा चेहरा

आपल्या भाषेने माणसाची सगळी अब्रू त्याच्या चेहऱ्यावर नेऊन ठेवली आहे. अपमान झाला की नाक कापले जाते, बदनामी झाली की तोंड काळे होते आणि फारच वाईट घडले तर तोंड दाखवायला जागा उरत नाही. हे वाक्प्रचार आपण दिवसातून चारदा सहज वापरतो. पण ज्याला खरोखरच दाखवायला तोंड उरलेले नाही, आगीने किंवा तेजाबाने ज्याचा चेहरा नेला, त्या माणसाने काय करावे? कोठे जावे? हा प्रश्न एका इंग्रजी सूडपटाने माझ्यापुढे टाकला, हे वाचून काहींना नवल वाटेल. सूडपटांकडून प्रश्नांची अपेक्षा कोणी करत नाही. तेथे हाणामारी असते, स्फोट असतात आणि शेवटी खलनायक उंचावरून खाली पडतो. या चित्रपटातही ते सारे आहे. तरीही तो पाहून झाल्यावर माझ्या मनात राहिला तो खलनायकाचा मृत्यू नव्हे, तर नायकाचे निघून जाणे.

चित्रपटाचे नाव 'डार्कमन'. साल १९९०. दिग्दर्शक सॅम रेमी. तोवर हा माणूस थोडक्या पैशांत भयपट काढणारा म्हणून ओळखला जात होता. २००२ मध्ये त्याने 'स्पायडरमॅन' काढला आणि तो घरोघरी पोहोचला. 'द शॅडो' हा अमेरिकी रेडिओवरचा आणि स्वस्त मासिकांतला जुना नायक त्याला पडद्यावर आणायचा होता. त्याचे हक्क मिळाले नाहीत, तेव्हा त्याने स्वतःचाच एक नायक घडवला. त्यामुळे 'डार्कमन' दिसतो चित्रकथेसारखा, पण कोणत्याही चित्रकथेवरून घेतलेला नाही. नायकाच्या भूमिकेत लियम नीसन आहे. 'शिंडलर्स लिस्ट' अजून तीन वर्षे दूर होता. नायिका फ्रान्सिस मॅकडॉर्मंड. तिचा 'फार्गो' सहा वर्षांनी यायचा होता. माझ्या पुतण्याने "काका, हा तुम्ही पाहाच" असा आग्रह धरला, म्हणून मी तो पाहिला. एक मात्र आधीच सांगून ठेवतो. रविवारी दुपारी जेवणे आटोपल्यावर लहान मुलांना घेऊन पाहण्यासारखा हा चित्रपट नाही. त्यातला गुंड माणसांची बोटे सिगार कापायच्या कात्रीने छाटतो आणि जपून ठेवतो.

गोष्ट साधी आहे. पेटन वेस्टलेक हा शास्त्रज्ञ कृत्रिम त्वचा बनवण्याच्या खटपटीत आहे. जळालेल्या, भाजलेल्या माणसांना नवी त्वचा मिळावी, हा त्याचा हेतू. त्वचा तयार होते, पण नव्व्याण्णव मिनिटे झाली की फसफसून विरघळते. एका रात्री प्रयोगशाळेतले दिवे जातात आणि त्वचा नव्व्याण्णव मिनिटांनंतरही टिकून राहते. तेव्हा कळते की तिचा वैरी उजेड आहे; अंधारात ती शाबूत राहते. हा शोध लागतो न लागतो तोच गुंड आत घुसतात. ते त्याच्या साहाय्यकाला ठार मारतात, त्याचा चेहरा आणि हात जाळून टाकतात आणि प्रयोगशाळा उडवून देतात. भाजलेल्यांसाठी त्वचा बनवणाराच भाजून निघतो आणि बेवारस रुग्ण म्हणून एका इस्पितळात पडतो. तेथे डॉक्टर त्याच्या वेदना वाहून नेणाऱ्या नसा तोडतात. दुखणे थांबते, पण स्पर्शही जातो. ज्याला काहीच जाणवत नाही त्याचा राग अनावर होतो आणि अंगात राक्षसी बळ येते, असे चित्रपट म्हणतो. वैद्यकाला हे कितपत मान्य होईल ते सोडा. गोष्ट म्हणून ते पटते. ज्याच्या दुःखाला वाट उरत नाही त्याचे दुःख रागाचे रूप घेते, हे आपण आपल्या घरांतही पाहिलेले असते.

एवढ्या आगीचे कारण काय? एक कागद! वेस्टलेकची मैत्रीण ज्युली वकील आहे. तिच्या हाती एक टिपण लागते. नदीकाठची जमीन बांधकामासाठी मोकळी करून घ्यायला एका बड्या बिल्डरने कोणाकोणाला पैसे चारले, याचा पुरावा त्या टिपणात असतो. तो कागद वेस्टलेकच्या टेबलावर राहतो आणि गुंड तो शोधत येतात. माझी सारी नोकरी कागदांच्या सहवासात गेली. जमिनीच्या कागदापायी भाऊ भावाचा वैरी झालेला मी पाहिला आहे. त्यामुळे या चित्रपटातला हा भाग मला मुळीच परदेशी वाटला नाही. सुपरहिरोंच्या चित्रपटांत खलनायकाला सहसा जग जिंकायचे असते. येथे त्याला फक्त जमीन हवी आहे. म्हणूनच तो खरा वाटतो.

आता वेस्टलेक एका पडक्या कारखान्यात आपली यंत्रे मांडतो आणि गुंडांचे चेहरे बनवू लागतो. एकाचा मुखवटा घालून तो पैसे पळवतो. संशय त्या गुंडावर जातो आणि त्याचाच म्होरक्या त्याला खिडकीतून खाली फेकतो. मग तो खुद्द म्होरक्याचे रूप घेतो आणि दोन सारखे म्होरके एका फिरत्या दारात समोरासमोर येतात. हा प्रसंग पाहताना मला आचार्य अत्र्यांच्या 'तो मी नव्हेच'ची आठवण झाली. १९६२ साली रंगभूमीवर आलेल्या त्या नाटकात प्रभाकर पणशीकरांनी एकाच भामट्याची पाच रूपे उभी केली होती. आपण त्या सोंगांना हसत होतो, टाळ्या वाजवत होतो. 'डार्कमन'मध्येही आपण हसतो. फरक इतकाच की लखोबाला सोंग उतरवल्यावर परत जायला स्वतःचा चेहरा होता. वेस्टलेकला तो नाही. तो जगातल्या कोणाचाही चेहरा घेऊ शकतो, स्वतःचाही घेऊ शकतो, पण तोही नव्व्याण्णव मिनिटांपुरताच.

चित्रपटातला सर्वांत बोलका प्रसंग मारामारीचा नाही, जत्रेतला आहे. स्वतःच्या जुन्या चेहऱ्याचा मुखवटा घालून तो ज्युलीला भेटतो आणि दोघे जत्रेत जातात. तिच्यासाठी तो एका खेळात गुलाबी हत्ती जिंकतो. खेळवाला खुसपट काढतो आणि हत्ती द्यायला नकार देतो. एवढ्याशा गोष्टीवरून वेस्टलेकचा तोल सुटतो. तो त्या माणसाची बोटे मोडतो. लोक पाहत राहतात, ज्युली पाहत राहते, मुखवटा विरघळू लागतो आणि तो पळ काढतो. ज्युली त्याच्या मागे जाते, त्याचे मुखवटे पाहते, काय झाले ते तिला उमगते आणि ती त्याला नाकारत नाही. येथे खरे म्हणजे गोष्ट संपायला हरकत नव्हती. ज्याच्यासाठी तो चेहरा हवा होता त्या व्यक्तीला चेहऱ्याची गरज राहिली नव्हती. पण आता त्याचे मन चेहऱ्याच्या पलीकडे, सुडात अडकलेले आहे.

सूड पुरा होतो. उंच इमारतीच्या सांगाड्यावर बिल्डर त्याच्या हातात उलटा लोंबकळतो. तू मला मारणार नाहीस, कारण मग तुला स्वतःबरोबर जगता येणार नाही, असा युक्तिवाद तो करतो. नायक शांतपणे हात सोडतो. आपल्याकडच्या सूडपटांत यानंतर हिशेब चुकता होतो, नायक आईच्या पायाशी येतो किंवा नायिकेचा हात धरतो. येथे ज्युली विनवण्या करते आणि तो नकार देतो. आपल्यातला राक्षस नुसता चेहऱ्यात नाही, तो आत उतरला आहे, हे त्याला कळून चुकले आहे. तो गर्दीत शिरतो, कोणा भलत्याच माणसाचा चेहरा घालतो आणि दिसेनासा होतो. वैऱ्यांपैकी कोणी उरलेला नाही, आणि त्याच्या हातीही काही उरलेले नाही. सुडाने त्याला सर्व दिले; फक्त त्याच्याकडे पाहणारे एक माणूस होते, ते तेवढे घेतले.

सिनेमाने विद्रूप चेहऱ्याला नेहमीच अशी हद्दपारी दिली आहे. 'डार्कमन' युनिव्हर्सल कंपनीचा. त्याच कंपनीने १९२३ मध्ये नोत्रदामच्या कुबड्याची आणि १९२५ मध्ये ऑपेरातल्या पिशाच्चाची गोष्ट पडद्यावर आणली होती. दोन्हींत लॉन चेनी होता. रेमीने आपल्या नायकाचा अवतार त्याच वळणावर बेतला आहे. अशा माणसाने घंटाघरात राहावे, तळघरात राहावे, पडक्या कारखान्यात राहावे. चार माणसांसारखे घरात मात्र राहू नये, असा जणू नियमच. आपल्याकडे १९७८ च्या 'सत्यम् शिवम् सुंदरम्'मधली नायिका भाजलेला गाल पदराआड लपवते आणि तो दिसताच नवरा तिला झिडकारतो. खलनायकाच्या गालावर व्रण काढला की त्याची दुष्टता वेगळी सांगावी लागत नाही, ही तर सर्व देशांतल्या सिनेमावाल्यांची सोय. ज्यांच्या चेहऱ्यावर खरोखरच व्रण आहेत त्यांच्या आयुष्यावर या सोयीचा काय परिणाम होतो, याचा विचार फार उशिरा सुरू झाला. व्रण हीच ज्यांच्या खलनायकाची ओळख आहे अशा चित्रपटांना यापुढे पैसा देणार नाही, असे ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने २०१८ मध्ये जाहीर केले.

पडद्याबाहेर काय घडले ते पाहण्यासारखे आहे. पहिल्या महायुद्धात हजारो सैनिकांचे चेहरे उद्ध्वस्त झाले. अ‍ॅना कोलमन लॅड या अमेरिकी शिल्पकार बाईंनी पॅरिसमध्ये त्यांच्यासाठी मुखवटे घडवले. तांब्याचा पातळ पत्रा, त्यावर त्या त्या माणसाच्या कातडीला जुळणारा रंग. हे मुखवटे विरघळत नव्हते, पण हसतही नव्हते, आणि माणूस म्हातारा झाला तरी मुखवटा तरुणच राहायचा. इंग्लंडमध्ये सिडकपच्या इस्पितळाजवळ काही बाकांना निळा रंग दिलेला होता. या बाकांवर चेहरा गमावलेले सैनिक बसतात, तेव्हा बघणाऱ्याने आधीच मनाची तयारी करावी, अशी ती सूचना. दुसऱ्या महायुद्धात मात्र ईस्ट ग्रिन्स्टेड या गावी आर्चिबाल्ड मॅकिन्डो नावाच्या शल्यविशारदाने वेगळी वाट धरली. विमानांत होरपळलेल्या तरुणांवर तो शस्त्रक्रिया करत असे, आणि त्याचबरोबर गावकऱ्यांना सांगत असे की या मुलांना घरी चहाला बोलवा, त्यांच्याशी नेहमीसारखे वागा. ते गाव 'टक लावून न बघणारे गाव' म्हणून ओळखले जाऊ लागले. एका डॉक्टरने रुग्णांबरोबर गावावरही उपचार केले, असे म्हणायला हवे.

आणि नाक कापण्याचा वाक्प्रचार ज्या भाषेत आहे, तिच्याच मुलखात नाक जोडण्याची विद्याही होती. इंग्रजांच्या फौजेबरोबर बैल हाकणारा कावसजी नावाचा एक माणूस टिपूच्या कैदेत सापडला आणि त्याचे नाक कापले गेले. पुण्याकडे एका कुंभाराने त्याच्या कपाळाची त्वचा वळवून त्याला नवे नाक बसवून दिले. दोन इंग्रज डॉक्टरांनी ती शस्त्रक्रिया पाहिली आणि १७९४ च्या ऑक्टोबरात लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये ती चित्रासह छापून आली. ते वाचून लंडनचे डॉक्टर कार्प्यू यांनी १८१४ मध्ये तशीच शस्त्रक्रिया केली. शिक्षा म्हणून राज्यकर्त्यांनी कापलेले नाक एका अनाम कारागिराने दुरुस्त केले. कापणाऱ्यांची नावे इतिहासाने जपली, जोडणाऱ्याचे नाव त्याला लिहून घ्यावेसे वाटले नाही. आपल्या सूडकथांचेही तेच होते. त्यांना वार करणारा दिसतो, मलमपट्टी करणारा दिसत नाही.

मी बँकेत लागलो तेव्हा खाते उघडायचे तर एका जुन्या खातेदाराने 'यांना मी ओळखतो' अशी सही द्यावी लागे. आमच्या तालुक्याच्या शाखेत एक बाई येत असत. मध्ये वर्षभर त्या दिसल्या नाहीत. मग एक दिवस पदराने तोंड झाकून काउंटरपुढे उभ्या राहिल्या. स्टोव्हचा भडका उडाला होता, असे त्यांनी सांगितले. अधिक काही विचारायची ती वेळ नव्हती. बोटे आखडल्यामुळे पैसे काढायच्या स्लिपवरची सही नमुन्याच्या सहीशी जुळत नव्हती. फोटोशी चेहरा जुळण्याचा प्रश्नच नव्हता. कारकून नियमावर बोट ठेवून बसला होता, आणि त्यात त्याचे काही चुकतही नव्हते. तेवढ्यात आमचा शिपाई चहाचा ट्रे ठेवून पुढे आला आणि म्हणाला, "साहेब, आवाज त्यांचाच आहे. मी देतो ओळख." त्याचे खाते आमच्याच शाखेत होते. नवा फोटो लागला, नव्या नमुना सह्या घेतल्या आणि बाईंना त्यांचे पैसे मिळाले. त्या दिवशी 'ओळख' या शब्दाचे दोन्ही अर्थ मला एकत्र दिसले. माणूस कोण आहे हे ठरवणे म्हणजे ओळख, आणि माणसाला आपला मानणे म्हणजेही ओळख.

आता त्या शिपायाच्या जागी यंत्र आले आहे. मोबाइलच्या कॅमेऱ्यापुढे बसा, डोळे मिचकवा, म्हणजे तुम्ही जिवंत आहात हे यंत्राला कळते. सोय मोठी आहे. म्हाताऱ्या निवृत्तिवेतनधारकांना हयातीचा दाखला घरबसल्या देता येतो, याचा मलाही आनंद आहे. पण तेजाबाने ज्यांच्या पापण्याच नेल्या त्यांनी डोळे कसे मिचकवावेत? असा प्रसंग खरोखर घडला. खाते उघडायला गेलेल्या एका स्त्रीला यंत्राने अडवले आणि ती सर्वोच्च न्यायालयात गेली. ३० एप्रिल २०२५ रोजी न्यायालयाने निकाल दिला की अशा डिजिटल सेवांपर्यंत पोहोचता येणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. चेहऱ्याच्या किंवा डोळ्यांच्या व्यंगामुळे कोणी बाहेर राहू नये, यासाठी न्यायालयाने वीस आदेश दिले.

त्याआधी लक्ष्मी अगरवाल हे नाव देशाने ऐकले होते. २००५ मध्ये दिल्लीत तिच्यावर तेजाब फेकले गेले, तेव्हा ती पंधरा वर्षांची होती. २००६ मध्ये तिने जनहित याचिका केली. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेजाबाच्या किरकोळ विक्रीवर निर्बंध घातले आणि पीडितांना किमान तीन लाख रुपये भरपाई देण्यास सांगितले. त्याच वर्षी कायद्यात या गुन्ह्याला स्वतंत्र कलम आणि किमान दहा वर्षांची शिक्षा आली. तिच्या आयुष्यावर २०२० मध्ये 'छपाक' हा चित्रपट निघाला. 'डार्कमन'शेजारी तो ठेवून पाहावा. एकाने चेहरा गेल्यावर मुखवटा घातला आणि माणसे मारली. दुसरीने आहे तोच चेहरा घेऊन न्यायालयाची पायरी चढली आणि अर्ज दिला. अर्जाला वेळ लागतो. तिच्या अर्जाला सात वर्षे लागली. सूड दीड-दोन तासांत उरकतो. पण अर्जाने पुढच्या कित्येक मुलींसाठी काहीतरी मागे ठेवले. सुडाने मागे काय ठेवले, ते वर सांगितलेच आहे.

याचा अर्थ वेस्टलेकचा राग खोटा होता असे नाही. त्याच्यावर झालेला अन्याय भयंकर होता, आणि ज्या शहरात बिल्डरच कारभाऱ्यांना विकत घेतो तेथे त्याने तक्रार कोणाकडे नोंदवावी, हा प्रश्न चित्रपटात अनुत्तरित राहतो. न्याय मिळण्याची वाट बंद असली की सुडाची खिडकी उघडते. म्हणून सूडपटांना टाळ्या पडतात. त्या टाळ्या ऐकून प्रेक्षकांना नावे ठेवण्यापेक्षा वाट का बंद पडली, हे पाहणे अधिक बरे. आणि अन्यायाची दाद लागल्यानंतरही एक गोष्ट शिल्लक राहतेच. न्यायालय भरपाई देईल, डॉक्टर त्वचा जोडतील. ओळख मात्र शेजाऱ्यांनी, बसमधल्या सहप्रवाशांनी, काउंटरपलीकडच्या माणसाने द्यायची असते. ती कोणत्याही आदेशाने मिळत नाही.

'डार्कमन'चे पुढे १९९५ आणि १९९६ मध्ये दोन भाग निघाले, वेगळ्या नटाला घेऊन. पहिल्या भागाची सर त्यांना आली नाही. बहुधा त्या निरोपातच सारे सांगून झाले होते. शेवटच्या दृश्यात वेस्टलेक उसना चेहरा लावून रस्त्यावरच्या गर्दीत मिसळतो आणि गर्दीला त्याचा पत्ता लागत नाही. दिग्दर्शकाने ते रहस्य म्हणून दाखवले आहे. मला त्यात त्या गर्दीची परीक्षा दिसते. समजा, त्याने मुखवटा न घालता, जळालेल्या तोंडाने त्याच रस्त्यावर पाऊल टाकले असते, तर किती जणांनी तोंड फिरवले असते, किती जण टक लावून पाहत राहिले असते, आणि नेहमीच्या माणसाला विचारावे तसे "काय, कसे आहात?" असे म्हणून कितीजण पुढे गेले असते? आपल्या गल्लीत, आपल्या बसच्या रांगेत आणि आपल्याकडे येणाऱ्या पाहुण्यांत अशी माणसे आजही आहेत. त्यांच्याकडे नव्व्याण्णव मिनिटांचाही मुखवटा नसतो.